ट्रेलरच्या टायरवर सेन्सर: टोपीचा, आरपारचा की आतला?

माझे सांगलीचे मामा तीस वर्षं ट्रक चालवत होते. गेल्या वर्षी अॅरिझोनात आमच्याकडे आले, तेव्हा ट्रकमागे ओढायचा कॅम्पिंगचा ट्रेलर (चाकांवरचं घरच म्हणा) घेऊन निघायच्या आधी त्यांनी माझ्या हत्यारांच्या पेटीतला हातोडा उचलला आणि चारही टायरना एकेक ठोका दिला. "तीन ठण्ण, एक थप्प," म्हणाले. हवेचा दाब मोजायचा गेज लावून पाहिलं, तर थप्प वाजलेल्या टायरमध्ये ८० ऐवजी ६२ पीएसआय (पीएसआय म्हणजे दाबाचं माप). मी त्याच सकाळी सगळ्या टायरना लाथ मारून "ठीक आहे" म्हटलं होतं.

चालत्या ट्रेलरवर हातोडा मारता येत नाही, म्हणून टायरचा दाब मोजून ट्रकमधल्या छोट्या पडद्यावर दाखवणारे सेन्सर. पण कुठले, हा प्रश्न आमच्या मंडळात ट्रेलर घेतलेलं प्रत्येक घर विचारतं आणि बहुतेक जण पडद्याचा आकार बघून ठरवतात. माझं म्हणणं असं की पडदा सगळ्यात शेवटी बघा. आधी गुडघ्यावर बसून व्हॉल्व बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

मुळात सेन्सर लागतोच का? कारचा टायर बसला की स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, बुडाखाली काहीतरी बिनसलंय हे कळतं. आमच्यासारख्या ट्रेलरला एका बाजूला मागेपुढे दोन टायर असतात. त्यातला एक बसला, तरी ट्रकमध्ये बसलेल्या माणसाला काही म्हणजे काही कळत नाही. शेजारचा टायर मुकाट्याने त्याचंही ओझं उचलतो, तापतो आणि काही मैलांनी तोही जातो. फाटलेल्या टायरचा पट्टा चाबकासारखा फिरत राहतो. मडगार्ड, खालचा पत्रा, वायरी, नशीब फारच वाईट असेल तर गॅसची नळी, जे समोर येईल ते फाडतो.

कायद्याची इथे मदत नाही. फायरस्टोनचे टायर फाटून फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटल्या, त्या प्रकरणानंतर अमेरिकेत २००० साली ट्रेड (TREAD) अॅक्ट आला आणि सप्टेंबर २००७ पासून नव्या हलक्या गाड्यांना टायरच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. ट्रेलर त्यात धरलेले नाहीत. १०,००० पौंडांच्या वरची मोटरहोमही (स्वतःचं इंजिन असलेली चाकांवरची घरं) नाहीत. शिवाय कारमधला तो पिवळा दिवा हवा २५ टक्के कमी झाल्यावर लागला तरी नियमाला चालतं. ८० पीएसआयच्या टायरला हा हिशेब लावला तर दिवा ६० वर लागेल. माझा टायर एसटी २२५/७५ आर १५ या मापाचा, लोड रेंज (म्हणजे वजन पेलण्याची श्रेणी) ई. तो ८० पीएसआयवर २,८३० पौंड पेलतो, ६५ वर २,५४०. साठपर्यंत वाट बघण्याइतकी फट माझ्या ट्रेलरच्या वजनात नाही, तुमच्याही नसावी. त्यामुळे इशारा कितीवर द्यायचा हे ज्यात स्वतः ठरवता येत नाही, तो संच हातातही धरू नका.

आता तिन्ही प्रकार. टोपीवाला सेन्सर व्हॉल्वच्या टोपीच्या जागी फिरवून बसवतात. आरपारचाही बाहेरूनच बसतो, पण त्याच्या बाजूला हवा भरायचं तोंड असतं, म्हणजे हवा भरताना तो काढावा लागत नाही. आतला सेन्सर टायरच्या पोटात, रिमवर, व्हॉल्वच्या बुडाला जोडलेला किंवा पट्ट्याने बांधलेला असतो.

कागदावर आरपारचा सगळ्यात शहाणा वाटतो. मीही तोच घेतला होता आणि फसलो.

झालं असं, की आधीच्या मालकाने लावलेले लोड रेंज डीचे, म्हणजे ६५ पीएसआयचे, टायर बदलून मी ईचे, ८० चे, घातले. टायरच्या दुकानात (नाव घेत नाही) जुनेच रबरी व्हॉल्व ठेवले. साधा रबरी व्हॉल्व ६५ पीएसआयपर्यंतचा असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि दुकानदाराला ठाऊक असायला हवं होतं. त्यावर मी हौसेने आरपारचे सेन्सर चढवले. टोपीवाला सेन्सर साधारण १०-१५ ग्रॅमचा, आरपारचा त्याच्या दुप्पट जड. हातावर घेतला तर काहीच वाटत नाही. पण १५ इंची चाक ६५ मैलांच्या वेगाने फिरतं तेव्हा व्हॉल्वच्या टोकाला गुरुत्वाच्या शंभरपटीहून जास्त जोर बसतो. १२ ग्रॅमचा सेन्सर तिथे सव्वा किलोसारखा ओढतो, २५ ग्रॅमचा अडीच किलोच्या वर. एवढं वजन रबराच्या देठाला टांगून तासन्‌तास गरगरा फिरवा म्हणजे काय होतं ते मला किंगमनच्या अलीकडे कळलं. पडद्यावर मागचा उजवा टायर ८६ वरून ८१, ७७, ७३ असा उतरायला लागला. कडेला घेतलं, साबणाचं पाणी फवारलं. सेन्सरपाशी काहीच नाही, पण देठ रिममध्ये शिरतो तिथे बुडबुड्यांची बारीक माळ. बोटाने देठ थोडा वाकवला की माळ जाड व्हायची. ज्या सेन्सरने घात केला त्यानेच हाक मारली, एवढंच त्याचं पुण्य.

तेव्हा बाहेरचा कुठलाही सेन्सर लावायचा असेल, तर व्हॉल्व धातूचा हवा. आरपारच्याला तर दुसरा पर्यायच नाही. व्हॉल्ववर नख दाबून बघा. दबलं तर रबर. धातूचे व्हॉल्व बदलून घ्यायला टायर रिमवरून उतरवावा लागतो आणि मजुरी मोजावी लागते. आणि एकदा टायर उतरलाच की मग आतला सेन्सर का नको, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

टोपीवाल्याच्या बाजूने पुष्कळ बोलण्यासारखं आहे. दहा मिनिटांत घरच्या घरी बसतो. बॅटरी, बहुतेकांत सीआर १६३२ नावाचं बटणासारखं सेल, आपण बदलू शकतो. मी दर वसंतात पहिल्या सहलीआधी सगळी बदलतो, थंडीत ट्रेलर उभा असताना सेन्सर काढून डब्यात ठेवतो. ट्रेलर विकला तर सेन्सर आपल्याकडेच राहतात. उणी बाजूही नीट समजून घ्या. हा सेन्सर व्हॉल्वची पिन आत दाबून धरतो, म्हणजे टायरची हवा आता पिनने नाही, सेन्सरच्या रबरी वायसरने अडवलेली असते. वायसर सुकला, सेन्सर तिरका बसला किंवा फुटपाथच्या कडेला घासून तुटला, तर टायर तिथूनच रिकामा होणार. बसवल्यावर साबणाचं पाणी मारायचंच, कंटाळा करायचा नाही. दर वेळी हवा भरताना चार सेन्सर काढा-घाला करणं हे एक किरकिरं काम आहे आणि चोरी होऊ नये म्हणून सोबत देतात ती छोट्या पान्याची नटं लावली तर किरकिर दुप्पट. मी ती लावत नाही. कॅम्पग्राउंडवर सेन्सर चोरणारा मला अजून भेटलेला नाही.

आतल्या सेन्सरला यातलं काहीच लागू नाही. हवा पिनच अडवते, देठावर वजन नाही, कडेला घासायची भीती नाही, हवा भरताना नेहमीचीच टोपी काढायची. त्याची बॅटरी मात्र सीलबंद. पाच ते दहा वर्षांनी ती संपली की अख्खा सेन्सर फेकायचा. पण ट्रेलरचे टायर झिजून नाही, वयाने जातात, नक्षी शाबूत असतानाही पाच-सात वर्षांनी बदलावे लागतात. टायर आणि सेन्सर एकत्रच म्हातारे होतात, तेव्हा हिशेब फारसा बिघडत नाही. एक बारकावा: देठ अॅल्युमिनियमचा असेल तर आतली पिन निकेलचा मुलामा दिलेली हवी. साधी पितळी पिन घातली की बर्फाळ राज्यांत रस्त्यावर टाकतात त्या मिठाने ती अशी धरते की काढताना देठच तुटतो.

तापमानाच्या आकड्यातही फरक आहे. टोपीवाला वाऱ्यात लटकलेला असतो, टायरच्या आतली हवा किती तापली ते त्याला नीट कळत नाही. आतला खरं सांगतो. तरी टोपीवाल्याचा आकडा वाया नाही. तीन चाकं ९५ अंश फॅरनहाइटवर आणि चौथं १३० वर दिसलं, तर टायरपेक्षा ब्रेक अडकलाय किंवा बेअरिंग जातंय अशी शंका घ्यायची आणि थांबायचं.

आकडे वाचताना घाबरू नये म्हणून एक हिशेब सांगून ठेवतो. दहा अंश फॅरनहाइटला एक पीएसआय, हा कारच्या ३५ पीएसआयच्या टायरचा नियम. ८० च्या टायरला तोच बदल जवळजवळ दोन पीएसआयचा होतो. पहाटे ४० अंशांवर ८० भरून निघालात आणि दुपारी टायरमधली हवा १०० अंशांवर गेली, तर पडदा ९१ दाखवणार. त्यात काही बिघडलेलं नाही. तापलेल्या टायरची हवा सोडायची नाही. मी खालचा इशारा ७२ वर आणि वरचा ९८ वर ठेवलाय. खालचा ६८ वर ठेवणारेही आहेत, वाद घालणार नाही.

पडदा की फोन? ब्लूटूथवर फोनला आकडे पाठवणारे संच स्वस्त असतात, कारला पुरतात. ट्रेलरच्या मागच्या चाकापासून डॅशबोर्डपर्यंत मध्ये ट्रकचा पत्रा, ट्रेलरचं सगळं सामान आणि तीसेक फूट अंतर असतं, आणि तुमचा फोन तेव्हा रस्ता दाखवण्यात गुंतलेला. वेगळा पडदा घ्या आणि ट्रेलरच्या पुढच्या टोकाला, १२ व्होल्टच्या वायरीवर, संदेश पुढे ढकलणारा रिपीटर बसवा. संचासोबत रिपीटर येतो की वेगळे पैसे पडतात ते आधी विचारा. आमचा रिपीटर जोडण्यापूर्वी मागचे दोन टायर पडद्यावरून मधूनच गायब व्हायचे, आणि आकडा दिसत नाही म्हणजे टायर बसला की संदेश बसला, हे काही कळायचं नाही.

नवा ट्रेलर घेत असाल तर डीलरला आधी विचारा. लिपर्ट कंपनीची टायर लिंक ही यंत्रणा बऱ्याच नव्या ट्रेलरवर बसून किंवा बसवायच्या तयारीत येते. फोर्डच्या सुपर ड्यूटीत आणि जीएमच्या अलीकडच्या पिकअपमध्ये ट्रेलरच्या टायरचा दाब ट्रकच्याच पडद्यावर बघायची सोय मिळते. ट्रक तसा असेल तर आतले सेन्सर घालून तीच वापरा, डॅशबोर्डवर आणखी एक डबा चिकटवू नका.

पैशांचं म्हणाल तर चार टायरचा टोपीवाला स्वस्त संच साधारण शंभर डॉलरला मिळतो. टीएसटी, ईझटायर, टायरमाइंडर ही इथे नेहमी ऐकू येणारी नावं, त्यांचे संच साधारण अडीचशे-तीनशेच्या घरात. आतले सेन्सर त्याहून महाग, वर टायर उतरवण्याची मजुरी. मी स्वस्त संचाला नावं ठेवत नाही, पण सुटा सेन्सर दोन वर्षांनी मिळेल का, हे बघूनच घ्या. एक सेन्सर हरवला म्हणून सगळा संच टाकलेले दोघे माझ्या ओळखीत आहेत.

मग कुणी काय घ्यावं? टायर नवे आहेत, व्हॉल्व धातूचे आहेत: टोपीवाला, डोळे झाकून. टायर यंदा बदलायचेच आहेत आणि ट्रेलर पाच वर्षं तरी ठेवणार आहात: आतला. व्हॉल्व रबरी आहे आणि लगेच बदलायचा नाही: ६५ पीएसआयपर्यंतच्या टायरवर हलका टोपीवाला चालवून घ्या, आरपारचा नकोच. ८० भरत असाल तर सेन्सर राहू दे, आधी व्हॉल्व बदला.

आरपारच्याला माझ्या मते एकच खरी जागा आहे, मागे जोडटायर असलेलं मोटरहोम. तिथे आतल्या बाजूच्या टायरच्या व्हॉल्वपर्यंत हात पोचवतानाच घाम फुटतो, दर वेळी सेन्सर काढायचा म्हटलं तर माणूस हवाच बघणं सोडून देईल. आणि जोडीतला आतला टायर बसला तर बाहेरून दिसतही नाही, दोघे एकमेकांना घासून पेटू शकतात. तिथे सेन्सरसोबत धातूचे वाकवलेले व्हॉल्वही घ्या. लवचीक नळ्या लावून त्यांच्या टोकाला सेन्सर टांगायचा नाही. मोटरहोमच्या मोठ्या टायरमध्ये १०० च्या वर दाब असतो, तेव्हा सेन्सर कितीपर्यंत मोजतो तेही पाहा.

यातला कुठलाही सेन्सर घ्या, तो हळूहळू उतरणारी हवा पकडतो. रस्त्यावरच्या लोखंडाने टायर एका क्षणात फाटला किंवा आतला पट्टा सुटला, तर इशारा आणि धडाका एकदमच.

माझ्या ट्रेलरवर सध्या धातूचे व्हॉल्व आणि टोपीवाले चार सेन्सर आहेत. बसवल्यावर पडद्याचा फोटो मामांना पाठवला: ८०, ८०, ७९, ८०. त्यांचं उत्तर आलं, "छान. आणि स्टेपनीत किती?"

मागच्या बंपरवरचं कव्हर काढून गेज लावला. ४१ होती. पाचवा सेन्सर त्याच दिवशी मागवला.