मॅथ कांगारू ऑनलाइन: चौथीपर्यंत पैसे वसूल

अमेरिकेतल्या मराठी घरांत मूल दुसरी-तिसरीत गेलं की गणिताच्या एका स्पर्धेबद्दल 'मॅथ कांगारूला बसवताय का?' हा प्रश्न येतोच. बसवा. पण महाराष्ट्रात शाळेतल्या स्कॉलरशिप परीक्षेची तयारी जशी करून घेतात तशी मात्र करून घेऊ नका. स्कॉलरशिपच्या एका पेपरात 90 मिनिटांत 75 प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नाला जेमतेम 72 सेकंद. कांगारूत पहिली ते चौथीला 75 मिनिटांत फक्त 24 प्रश्न, प्रत्येकाला तीन मिनिटांहून थोडं जास्तच. इथे वेगापेक्षा थांबून बघण्याला किंमत आहे, आणि भराभर पाढे म्हणणारं मूल नेमकं इथेच घसरतं.

ही स्पर्धा 1991 मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाली. ऑस्ट्रेलियातल्या गणित स्पर्धेवरून कल्पना घेतली म्हणून नाव कांगारू. मूळ दिवस मार्चमधला तिसरा गुरुवार. अमेरिकेत बारावीपर्यंत इयत्तेनुसार लेव्हल असतात. चौथीपर्यंत पहिले आठ प्रश्न तीन गुणांचे, मधले आठ चारचे, शेवटचे आठ पाचचे, एकूण 96. पाचवीपासून दहा-दहा-दहा, म्हणजे 30 प्रश्न आणि 120 गुण, वेळ मात्र तेवढाच. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय. कॅल्क्युलेटर चालत नाही.

अमेरिकेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. काही देशांत कापतात, त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकांचा 'येत नसेल तर सोडून दे' हा सल्ला इथे तोट्याचा. पाच गुणांच्या प्रश्नात दोन पर्याय नक्की चूक आहेत एवढं कळलं, तरी उरलेल्या तिनांतून अंदाजाने निवडताना सरासरी पावणेदोन गुणांच्या आसपास हाती लागतात. कोरं सोडलं तर शून्य.

प्रश्नांचा दर्जा ही या स्पर्धेची खरी कमाई. त्या धाटणीचं एक उदाहरण घ्या: तीन फासे एकावर एक ठेवलेत, सगळ्यात वर 4 दिसतोय. प्रत्येक फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज 7. मग टेबलाला टेकलेली बाजू आणि फाशांच्या मधल्या झाकलेल्या बाजू मिळून बेरीज किती? बहुतेक मुलं मधल्या फाशावर काय असेल याचा विचार करत बसतात आणि तिथेच अडकतात. ते कळण्याची गरजच नाही. प्रत्येक फाशाची वरची-खालची जोडी 7, तीन फाशांची 21, त्यातून दिसणारे 4 वजा, उत्तर 17. बेरीज-वजाबाकी पहिलीतलीच, पण काय मोजायचं नाही हे आधी दिसावं लागतं. लहान लेव्हलला ओंडका कापायचे प्रश्नही याच जातीचे: सहा तुकडे हवेत, एका कापाला दोन मिनिटं. 12 लिहिणारी मुलं तुकडे मोजतात. काप पाचच, म्हणून 10.

आता ऑनलाइनची बाजू. कागदावर परीक्षा असेल तर मूल आकृतीवरच रेघा मारतं, ठोकळ्यांवर टिंबं देत मोजतं. पडद्यावर ते जमत नाही, आणि कांगारूत तर आकृत्यांचा सुकाळ. म्हणून सराव करतानाच आकृती कच्च्या कागदावर उतरवून घ्यायची सवय लावा, अगदी ओबडधोबड चालेल. कागदाचे आठ चौकोन पाडून प्रत्येकात प्रश्नाचा क्रमांक लिहायला सांगा, नाहीतर तपासताना कुठलं गणित कुठल्या प्रश्नाचं हेच सापडत नाही. छोट्या टॅबलेटवर आकृती वर आणि पर्याय खाली गेला की मूल वर-खाली करत राहतं आणि भलत्याच पर्यायावर बोट पडतं. मोठा पडदा आणि माउस हवाच. पहिलीतल्या मुलाला माउस नीट येत नसेल तर आधी महिनाभर तेवढंच शिकवा, किंवा सरळ कागदावरचं केंद्र निवडा.

वेळेची वाटणी आम्ही अशी सुचवू: पहिल्या आठांना 15 मिनिटं, मधल्या आठांना 25, शेवटच्या आठांना 25, उरलेली दहा तपासायला आणि रिकाम्या जागा भरायला. तपासणीची सुरुवात पहिल्या आठांपासून करा. सोपे म्हणून तिथे वाचण्यात चूक होते, 'नाही' हा शब्द सुटतो, आणि 96 चे 93 होतात. पहिली-दुसरीत पैकीच्या पैकी मिळवणारी मुलं कमी नसतात, त्यामुळे त्या तीन गुणांनी क्रमांक बराच खाली जातो. टी-शर्ट आणि प्रमाणपत्र सगळ्यांना मिळतं, तेव्हा रडारड जपून.

पाचवीनंतर मात्र आमचा उत्साह ओसरतो. प्रश्न तेव्हाही देखणे असतात, पण मूल जोरात असेल तर त्याला एएमसी 8 ही अमेरिकेतली शालेय गणित स्पर्धा द्या: जानेवारीत, 40 मिनिटांत 25 प्रश्न, प्रत्येकी एक गुण, इथेही वजावट नाही. प्रश्नाला 96 सेकंद, म्हणजे स्कॉलरशिपवाल्या आई-बाबांना ओळखीचं मैदान. ती आठवीपर्यंतच्या सगळ्यांना एकच असते, त्यामुळे तिसरीतल्या मुलाला तिथे नेऊन बसवण्यात अर्थ नाही.

कांगारूची तयारी म्हणून जुन्या तीन प्रश्नपत्रिका पुरेत, आठवड्याला अर्धी या हिशेबाने. प्रश्न चुकला की उत्तर सांगू नका, दुसऱ्या दिवशी तोच परत द्या. नोंदणी मात्र परीक्षेच्या कितीतरी महिने आधी होते आणि उशिरा येणाऱ्याला फी जास्त पडते; मार्च उजाडल्यावर जाग आली तर थेट पुढचं वर्ष.