पहिला फिल्म कॅमेरा: पेंटॅक्स के१००० घ्यायचा की कॅनन एई-१?

फिल्मवर फोटो काढायला शिकायचंय म्हणून जुना कॅमेरा शोधायला लागलं की फिरून फिरून हीच दोन नावं समोर येतात. दोन्ही जपानी, दोन्ही १९७६ सालचे, दोन्ही ३५ एमएम फिल्मचे एसएलआर (म्हणजे लेन्समधून येणारं चित्रच आरशातून डोळ्याला दाखवणारे), पण बनवणाऱ्यांची डोकी अगदी उलट दिशेला चाललेली. कॅननने एई-१ मध्ये मायक्रोप्रोसेसर घातला, तोही एसएलआरमध्ये पहिल्यांदाच, आणि अमेरिकेत टीव्हीवर जोरदार जाहिराती करून ज्यांना एसएलआरची भीती वाटायची त्यांनाही तो विकला. पेंटॅक्सने मात्र जे जे नसलं तरी चालेल ते सगळं काढून टाकलं, सेल्फ टायमरसुद्धा नाही, आणि हाच साधा कॅमेरा १९९७ पर्यंत बनत राहिला, तीस लाखांच्या वर खपला, फोटोग्राफी शिकणाऱ्या पोरांच्या हातात वर्षानुवर्षं हाच असायचा.

आता वापरायला कसे, तर के१००० मध्ये डोळा लावला की उजव्या बाजूला एक काटा दिसतो. उजेड जास्त झाला की काटा वर, कमी पडला की खाली, आपण अ‍ॅपर्चरची (उजेड आत सोडणाऱ्या लेन्समधल्या भोकाची) रिंग किंवा शटर स्पीडची (फिल्मवर उजेड किती वेळ पडू द्यायचा त्याची) डायल फिरवत तो मधोमध आणायचा आणि क्लिक, बस एवढंच. पण हे दर फोटोला स्वतः करावं लागतं ना, त्यामुळे थोड्याच रोलमध्ये उजेड बघूनच अंदाज यायला लागतो आणि शिकणं म्हणतात ते हेच.

एई-१ वर शटर स्पीड तुम्ही ठरवायचा, लेन्स ए वर ठेवायची, अ‍ॅपर्चर कॅमेरा बघून घेतो. लग्नात, रस्त्यावर, पळणाऱ्या लहान मुलांमागे हे फार कामाचं आहे, त्यात वाद नाही. मॅन्युअलला गेलात की मात्र कंटाळा येतो, कारण काटा कुठलं अ‍ॅपर्चर हवं ते दाखवतो पण लेन्सवर कुठलं लावलंय ते दाखवत नाही, म्हणजे दर वेळी डोळा काढा, रिंग बघा, परत डोळा लावा.

बॅटरीचा फरक सगळ्यात मोठा. एई-१ ला ६ व्होल्टचा सेल लागतो आणि तो संपला की शटर पडतच नाही. के१००० मध्ये बटण सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरपुरता (तो काटा हलवणारा), तो गेला तरी १ सेकंदापासून १/१००० पर्यंत सगळं चालू, भर उन्हात २०० आयएसओची फिल्म (फिल्म उजेड किती पटकन टिपते त्याचा हा आकडा) असेल तर अ‍ॅपर्चर एफ/१६ आणि शटर १/२५० लावा, फोटो येतोच. (याला मीटर बंद करायचं बटण नाही, म्हणून ठेवताना लेन्सवर झाकण हवंच.)

लेन्सचंही बघा. कॅननने १९८७ मध्ये माउंटच (लेन्स बॉडीला अडकवायची खाच) बदलला, त्यामुळे एई-१ च्या एफडी लेन्स त्यांच्या नंतरच्या ईओएस बॉडीवर सरळ बसत नाहीत. पेंटॅक्सच्या, म्हणजे के१००० च्याही, जुन्या के माउंट लेन्स त्यांच्या डिजिटल एसएलआरवरही बसतात.

मला विचाराल तर शिकायला के१०००, डोळे झाकून. एई-१ मधलं इलेक्ट्रॉनिक्स गेलं तर दुसरा मेलेला कॅमेरा फोडून पार्ट काढावा लागतो, मेकॅनिकल बॉडी मात्र जाणता कारागीर उघडून साफ करून परत उभी करतो. पण घरात काकांचा चालू एई-१ पडून असेल तर नवीन खर्च करू नका, त्यावरच सुरू करा.

विकत घेताना मागचं दार उघडून खाचेतल्या, उजेड आत येऊ न देणाऱ्या फोमला नख लावून बघा, काळं चिकट लागलं तर फोम बदलायचा खर्च धरूनच भाव करा, हे दोघांनाही लागू. एई-१ चं शटर दाबल्यावर चीं असा आवाज आला तर आतलं तेल सुकलंय. के१००० च्या कपाळावर पेंटॅक्सच्या आधी 'असाही' (Asahi, कंपनीचं जुनं नाव) लिहिलेलं असेल तर तो जुना आणि जास्त धातूचा, नंतरच्यांमध्ये प्लास्टिक वाढलं. आणि १ सेकंदावर शटर टाकून कान देऊन ऐका, अडखळलं तर सर्व्हिसिंग आलंच.