हरिहरेश्वरला फोटो काढायला: वर्कशॉप की गावातला माणूस?

मॅन्युअल मोडवर, म्हणजे कॅमेऱ्याची सेटिंग्ज स्वतः ठरवण्यावर, अजून हात बसला नसेल तर वर्कशॉपच घ्या. एनडी फिल्टर (लेन्सवरची उजेड कमी करणारी गडद काच) लावून लाटांचं लांब एक्स्पोजर, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवून काढलेला फोटो, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) वाचणं, हे शेजारी उभं राहून कोणी दाखवलं की पटकन कळतं. बॅच किती जणांची ते मात्र आधी विचारा. एका खडकावर दहा ट्रायपॉड म्हणजे जत्राच.

हात बसलेल्यांनी गावातलाच माणूस धरावा, असं माझं मत. इथली प्रदक्षिणेची वाट ओहोटीलाच मोकळी होते आणि भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. वर्कशॉप शनिवार-रविवार बघून ठरतं, गावातला माणूस तिथी बघतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कुठवर चढतं, शेवाळ कुठल्या कातळावर, सगळं त्याला पाठ. पैशांचं तेवढं आदल्या दिवशीच बोलून घ्या.