वागळे इस्टेटमधील स्वयंसेवी संगीतमंच: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नव्या बँडला ठाण्यात वाजवायला जागा मिळणे फार अवघड आहे. गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृहाचे भाडे आणि तिथल्या शेकडो खुर्च्या भरण्याची जबाबदारी चार-पाच महाविद्यालयीन मुलांना पेलणारी नसते. रेस्टॉरंटमध्ये संधी मिळते, पण तिथे बहुतेक वेळा लोकांच्या तोंडी असलेलीच गाणी वाजवावी लागतात. म्हणून वागळे इस्टेटमधील एका जुन्या गाळ्यात स्वयंसेवकांनी सुरू केलेल्या या छोट्या मंचावर मी उन्हाळ्यापासून श्रोता म्हणून नियमित जात आहे आणि आता त्याविषयी सविस्तर लिहावे, इतपत अनुभव गाठीशी आहे.

एका संध्याकाळी तीन बँड वाजवतात, प्रत्येकाला साधारण चाळीस मिनिटे मिळतात आणि त्यांतली निम्मी गाणी तरी स्वतःची असावीत, अशी अट आहे. तिकिटांच्या पैशांतून भाडे आणि वीजबिलाचा वाटा वजा करून उरलेली रक्कम तिन्ही बँडमध्ये समान वाटली जाते. दारू मिळत नाही, त्यामुळे शाळकरी मुलांपासून त्यांच्या आजी-आजोबांपर्यंत कोणीही येऊ शकते. अमेरिकेतील बर्कली शहरात ९२४ गिलमन स्ट्रीट हे ठिकाण १९८६च्या अखेरीपासून याच धर्तीवर, म्हणजे स्वयंसेवकांच्या बळावर, दारूशिवाय आणि सर्व वयाच्या श्रोत्यांसाठी चालत आले आहे. ग्रीन डे हा बँड सुरुवातीच्या काळात तिथेच वाजवत असे. ही पद्धत टिकू शकते, याचा तो चांगला दाखला आहे.

या जागेचे खरे मोल मला साउंडचेकमध्ये, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीत, दिसले. महाविद्यालयीन महोत्सवांत नवख्या बँडला बहुधा थेट मंचावर ढकलले जाते. इथे मात्र दुपारपासून प्रत्येक बँडसाठी वेळ राखून ठेवलेला असतो आणि लवकर गेल्यास हा साउंडचेक पाहताही येतो. एकदा बास गिटार जोडताच स्पीकरमधून सलग गुणगुण येऊ लागली. मिक्सर, म्हणजे सर्व वाद्यांचे आणि माइकचे आवाज जुळवणारे यंत्र, सांभाळणाऱ्या ताईंनी वाद्याला दोष न देता आधी वायर तपासली, मग बासचा अॅम्प (आवाज वाढवणारे यंत्र) आणि मिक्सर वेगवेगळ्या भिंतींवरच्या सॉकेटमध्ये असल्याचे दाखवले; दोन्ही एकाच बोर्डावर घेताच ती गुणगुण थांबली. दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळे तारांचे वेटोळे तयार होते आणि आपल्या विजेची ५० हर्ट्झची कंपने त्यातून आवाजात शिरतात, हे त्यांनी मुलांना तिथेच समजावले, आणि कोणत्याही परिस्थितीत प्लगची अर्थिंगची पिन काढायची नाही, असेही बजावले. पुढच्या खेपेला त्याच मुलांनी आपला एक्स्टेंशन बोर्ड स्वतःहून योग्य जागी लावला.

मराठी शब्दांच्या बाबतीतही हीच काळजी घेतली जाते. एका बँडची गायिका फार सुरेख लिहिते, पण दोन गिटारींच्या कल्लोळात तिचे शब्द हरवत होते. तिचा माइक वाढवला की स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून फीडबॅकची शिट्टी वाजे. शेवटी ताईंनी माइकला हात न लावता गिटारींच्या आवाजातला २ ते ४ किलोहर्ट्झ कंपनांचा पट्टा थोडा खाली आणला, कारण व्यंजनांचा स्पष्टपणा मुख्यतः त्याच भागात असतो. त्यानंतर अगदी मागच्या रांगेतही ओळ न् ओळ कळली. नव्या गीतकारासाठी हे किती मोठे आहे! गाणे पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला शब्दच कळले नाहीत, तर ते चांगले की वाईट, हे तरी तो कसे ठरवणार?

उणिवाही आहेत. भिंतींवरच्या फोममुळे खोलीतला प्रतिध्वनी कमी झाला असला, तरी ड्रम आणि बासचा खर्ज अडवण्यासाठी जड, दुहेरी भिंतच लागते. तो बाहेर जातोच. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार बंदिस्त सभागृहांना रात्री दहानंतर काही सवलत असली, तरी इथले कार्यक्रम त्याआधीच संपवले जातात, आणि शेजारच्या वस्तीचा विचार करता ते मला योग्यच वाटते. छोट्या खोलीत ड्रमचा मूळ आवाजच इतका असतो की बाकी सर्व त्याच्या बरोबरीला आणावे लागते. इअरप्लग अवश्य न्यावेत, लहान मुलांसाठी तर नक्कीच. मे महिन्यात उकाडा असह्य होता. पावसाळ्यात पत्र्यावरच्या सरींमुळे संथ गाणी ऐकूच आली नाहीत. कार्यक्रमपत्रिका फार उशिरा कळते, ही माझी जुनी तक्रार अजून कायम आहे.

मला जास्त मनापासून खटकते ते श्रोत्यांचे वागणे. आपल्या मित्राचा बँड झाला की अर्धी खोली रिकामी होते आणि शेवटच्या बँडला मोजक्या लोकांपुढे वाजवावे लागते. तिसऱ्या बँडनेही तितकीच तयारी केलेली असते. दोनशे रुपयांच्या तिकिटात तोही येतो, तेव्हा कृपया थांबावे.

स्वयंसेवकांची संख्या अपुरी आहे. मिक्सर नीट हाताळणारे दोघेच आहेत आणि ते दोघेही नसले, की त्या संध्याकाळचा आवाज लगेच घसरतो. यावर उपाय म्हणून त्यांनी रविवारी दुपारी विनाशुल्क शिकवणी सुरू केली आहे. वाद्य येण्याची अट नाही. तारा गुंडाळण्यापासून सुरुवात होते आणि काही आठवड्यांनी साउंडचेकला ताईंच्या शेजारी उभे राहता येते. माझी भाची तिथे जाऊ लागली आहे.