सलाईनच्या सेटने डिस्कसच्या पिल्लांचं पाणी बदलतोय, सात महिने झाले, त्याचा अनुभव

मेडिकलवाल्याने पहिल्यांदा विचारलं होतं, "पेशंट कोण आहे दादा, सलाईनची बाटली नको का?" मी म्हटलं मासे आहेत, तर तो हसला आणि सुई काढून घेऊन नुसता सेट दिला. तेव्हापासून दर महिन्याला एक सेट नेतो, आता तो विचारत नाही. शंभर रुपयांच्या आतलं काम आहे. माझ्याकडे डिस्कस माशांची एकच पेअर (नर-मादीची जोडी) आहे पण सात महिन्यांत हा सेट भरपूर वापरून झालाय, म्हणून काय चाललं आणि काय नाही ते लिहितोय.

आधी हे का सुरू केलं ते. मे महिन्यात पेअरने पहिल्यांदा नीट पिल्लं काढली होती, शंभरच्या वर असतील, आईबापांच्या अंगाला राईचे दाणे चिकटावेत तशी चिकटलेली. चौथ्या दिवशी मी नेहमीसारखं बादलीने पाणी बदललं, एका दमात जवळजवळ चाळीस टक्के. आमच्या सोसायटीने आदल्या दिवशी वरची टाकी ब्लीचिंग पावडर टाकून धुतली होती, लिफ्टजवळ नोटीस पण लावली होती, मी वाचलीच नाही, चूक सगळी माझी. अँटीक्लोरीन टाकलं होतं पण रोजच्या हिशोबाने टाकलं, तेवढं त्या दिवशी कुठे पुरतंय. दहा मिनिटांत नर काळा पडला आणि कोपऱ्यात जाऊन पर मिटून उभा राहिला, मादीचे कल्ले धापा टाकल्यासारखे चालू, आणि पिल्लं तिच्या अंगावरून सुटून टाकीभर पसरली. पिल्लं मेली ती लगेच नाही हं. ती गडद रंगाचं काहीही दिसलं की त्यालाच आई समजून चिकटतात, तशी काळ्या हीटरला आणि काळ्या स्पंजला जाऊन चिकटली, आणि तिथे खायला काही नाही. दोन दिवसांत सगळी संपली. आईबाप मात्र वाचले.

तेव्हा डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. पहिल्या आठवड्यात पाणी बदलायचं ते पिल्लांकडे बघून नाही, आईबापांकडे बघून. पिल्लांचं जेवण म्हणजे आईबापांच्या कातडीवरचा स्राव, आपण ज्याला स्लाइम म्हणतो तो. आईबाप बिचकले, कातडी भाजली किंवा पिल्लांना अंगावर घ्यायचं बंद केलं, की संपलंच मग, पिल्लांना तुमचं पाणी कितीही आवडो. म्हणून मला असं पाणी हवं होतं जे आत येतंय हे मोठ्या माशांना कळणारच नाही.

माझा सेटअप सांगतो म्हणजे आकडे समजतील. ब्रीडिंग टाकी दोन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच, खाली रेती वगैरे काही नाही, अंडी घालायला मातीचा कोन, एक स्पंज फिल्टर (आता पांढरा), हीटर २९ डिग्रीवर. पिल्लं पोहायला लागली की पाण्याची पातळी फूटभरच ठेवतो म्हणजे त्यांना आईबाप शोधायला फार भटकावं लागत नाही, तेव्हा साधारण ८५ लिटर पाणी असतं. रात्री बारीक झिरो बल्ब चालू, पूर्ण अंधार केला तर पिल्लं हरवतात. नव्या पाण्यासाठी बाल्कनीत १०० लिटरचा निळा ड्रम, त्यात एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चोवीस तास चालू आणि बदामाची दोन-चार पानं, आपल्याकडे रस्त्याकडेला जो बदाम असतो त्याचीच, वाळून पडलेली.

आता सलाईन सेटची जागा. कपाटावर बादली, त्यात ड्रममधलं ८ लिटर पाणी टाकीएवढं गरम करून. सेटचं टोकदार टोक कापून टाकलं, त्या बाजूची नळी बादलीत तळाला एका दगडाने दाबून ठेवलेली, मध्ये थेंब दिसतात ती पारदर्शक कुपी, खाली चाक, आणि दुसरं टोक टाकीच्या मागच्या काचेला टेपने असं लावलंय की पाणी काचेवरून ओघळत खाली उतरेल. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. आधी मी नळी वर लटकवली होती तर टप टप आवाजाने नर दर वेळी पुढे येऊन फुत्कारल्यासारखं करायचा आणि पिल्लं मादीवर एकटीवरच. काचेला लावल्यापासून ढिम्म फरक पडत नाही त्यांना. थेंब थेंब नाही सोडत मी, तसं केलं तर सकाळ होईल, बारीक धार सोडतो, ८ लिटर संपायला तास-दीड तास लागतो. म्हणजे एका वेळी दहा टक्क्यांच्या आतच, आणि हे दिवसातून दोनदा.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे विसरलं तरी चालतं. बादली संपली की बंद, टाकी भरून घरात पूर येत नाही. ज्यांनी बाथरूमच्या नळाला पाईप लावून "दोनच मिनिटं" म्हणत फोनवर बोलायला घेतलंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय.

पाणी बाहेर काढायला सेट वापरू नका, मी करून बघितलंय, फार हळू आणि कचरा अडकतो. त्यासाठी एअर पंपाची साधी नळी, कबाबच्या बांबूच्या काडीला रबरबँडने बांधलेली. काडीमुळे टोक जिथे हवं तिथेच राहतं, नाहीतर नळी वळवळते आणि माशांच्या तोंडासमोर जाते. अंगठा नळीवर तयार ठेवायचा, एखादं पिल्लू टोकाजवळ आलं की दाबायचं, गेलं की सोडायचं. खालची बादली पांढरीच हवी. संपल्यावर मोबाईलचा टॉर्च बादलीवर तिरका धरायचा, आधी काहीच दिसत नाही, मग दोन काळे ठिपके एकत्र हलताना दिसतात, ते डोळे, बाकीचं शरीर जवळजवळ पारदर्शक असतं. चमच्याने पाण्यासकट उचलून परत टाकीत. जाळी अजिबात नाही. जुलैच्या बॅचला पहिल्या दिवशी सात पिल्लं बादलीत सापडली होती, आता एखाद-दुसरं.

पहिलं पाणी कधी बदलायचं यावर लोकांची मतं वेगळी आहेत, मी माझं सांगतो. अंडी फुटायला माझ्याकडे अडीच दिवस लागतात, मग पुढचे अडीच-तीन दिवस पिल्लं कोनावरच शेपट्या हलवत चिकटलेली असतात, तोपर्यंत मी हात घालत नाही. ज्या दिवशी पोहायला लागतात त्या दिवशीही नाही, कारण तो दिवस सगळा गोंधळाचाच, कोण अंगावर गेलं कोण फिल्टरमागे अडकलं. दुसऱ्या दिवशी सगळी नीट चिकटलेली दिसली की सेट सुरू. आणि सेट चालू असताना मी समोर बसून एकच गोष्ट बघतो, आईबाप पाळी बदलतात का. एक जण अंगाला झटका देतो, पिल्लांचा ढग सुटतो आणि दुसऱ्याच्या अंगावर जाऊन बसतो, पहिला मोकळा होऊन फेरी मारून येतो. हे चालू आहे म्हणजे पाणी बरोबर आहे, मग मीटर काहीही दाखवो. एकच जण सगळी ओझी वाहतोय आणि दुसरा कोपऱ्यात, की चाक बंद करायचं आणि कारण शोधायचं.

पीएचचं थोडं डोकं खाल्लं पाहिजे इथे. पीएच म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचं माप. माझ्या टाकीचा पीएच साडेसहाच्या आसपास असतो, तिथे माशांच्या घाणीतून टाकीत येणारा अमोनिया जवळपास सगळा कमी त्रासाच्या रूपात असतो. उन्हाळ्यात टँकरचं बोअरचं पाणी आलं की ड्रमचा पीएच आठच्या जवळ जातो. पीएच एकाने वाढला की त्याच अमोनियाचा विषारी भाग साधारण दहापट होतो. म्हणजे टाकी घाण झाली म्हणून घाईने तसलं पाणी भरपूर ओतलं तर स्वच्छता करता करताच विष तयार केलं आपण. माझ्या मते "वॉटर चेंज केला आणि पिल्लं मेली" या बऱ्याच किश्शांमागे हेच असावं, क्लोरीनचं नाव होतं फक्त. हळू धारेने टाकीला सावरायला वेळ मिळतो, पण सेट काही जादू नाही, ड्रममधलं पाणी मुळात टाकीसारखंच नसेल तर हळू घातलेलं चुकीचं पाणी शेवटी चुकीचंच. टँकरचं पाणी असेल तेव्हा मी आरओचं पाणी मिसळून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) खाली आणतो.

क्लोरीनसाठी आता ओटी टेस्टची बाटली आणलीय, गावाकडे ग्रामपंचायतीत पाण्यात टाकून पिवळं होतं का बघतात तीच. ड्रममधून थोडं काढून थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर त्या दिवशी सुट्टी. तपासलेलं पाणी मोरीत, परत टाकीत नाही. पावसाळ्यात नळाच्या पाण्याचा वास वाढला की दोन दिवस ड्रम तसाच ठेवतो.

आता तक्रारी. पहिली म्हणजे चाक सरकतं. नवीन असताना जिथे ठेवाल तिथे राहतं, महिन्याभराने नळी तिथे दबून चपटी होते आणि धार आपोआप बदलते. त्यात बादलीतली पातळी खाली गेली की धार आपसूक मंद होते ते वेगळंच. दुसरी, कुपीच्या तळाला बारीक जाळी असते, ती बदामाच्या पानांच्या चुऱ्याने तुंबते. दोन वेळा मला वाटलं पाणी चालू आहे आणि रात्री बघतो तर बादली तशीच भरलेली. आता आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा लावून पाणी गाळून घेतो. तिसरी, नळी आतून बुळबुळीत होते, घासता येत नाही, म्हणून महिन्याला नवीन. धुवून वापरायचा मोह होतो पण त्या बुळबुळीवर मला भरवसा नाही.

आणि थंडी. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री खोली गार पडते, बादलीतलं पाणी सुरुवातीला ३० डिग्री असलं तरी शेवटच्या लिटरला थर्मामीटर २६ दाखवायचा. टाकी मोठी आहे, हिशोब केला तर तिचं तापमान पाव-अर्धा डिग्रीच उतरतं, पण मला चैन पडेना. बादलीत हीटर ठेवणं धोक्याचं, पाणी खाली गेलं की तो उघडा पडतो आणि फुटतो (टाकीचा हीटरही पाणी काढायच्या आधी बंद करा, एक घालवलाय मी असाच). शेवटी मासे पार्सल येतात तो थर्माकोलचा डबा घेतला, बादली त्यात बसवली आणि वर ताट झाकलं. आता शेवटपर्यंत २८-२९. आई म्हणते, "तुला बाळंतपणात एवढं गरम पाणी मिळालं नव्हतं रे."

किती दिवस वापरायचं? माझं प्रामाणिक मत, पोहायला लागल्यापासून दहा दिवस हा सेट सोन्यासारखा, नंतर त्याचा उपयोग कमी कमी होतो. पाचव्या-सहाव्या दिवशी आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जिवंत किडे, पिल्लांचं खाद्य) द्यायला सुरुवात केली की घाण एकदम वाढते, कारण आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासांत मरतात आणि तळाला केशरी थर बसतो. तेव्हा खायला घातल्यावर अर्ध्या तासाने तळ सायफनने साफ करणं हे पाणी घालण्यापेक्षा मोठं काम होऊन बसतं, दिवसात तीन-चार वेळा. दहा टक्के कुठे पुरणार मग. मी तेव्हा टक्के हळूहळू वाढवत नेतो, आणि पंधरा दिवसांनी पिल्लं वेगळ्या टाकीत गेली की सरळ जाड नळीने भरतो, पाणी जुळलेलं असलं म्हणजे झालं. तिथेही सलाईन लावून बसणारे आहेत, माझ्याकडे तेवढा वेळ नाही, नोकरी आहे.

हिशोब सांगायचा तर, जुलैच्या बॅचची साठच्या आसपास वाढली, सप्टेंबरमध्ये दोघांनी अंडीच खाल्ली त्यात पाण्याचा काही संबंध नाही, ऑक्टोबरची नव्वदच्या वर वाढली आणि त्यातली बरीच ओळखीत गेली. ऑक्टोबरच्या यशात सेटचा हात किती आणि पेअर आता अनुभवी झाली त्याचा किती हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. पण सेट आल्यापासून पाणी बदलताना नर काळा पडलेला एकदाही दिसला नाही.

आत्ताची बॅच सोळाव्या दिवसावर आहे. पिल्लं आता गोल आकार घ्यायला लागलीत आणि अजूनही आईच्या अंगाचे लचके तोडतायत, तिच्या पाठीवर ओरखडे दिसतात, म्हणून उद्या वेगळी करणार. मी सेट काढून ठेवणार होतो पण आज सकाळी बघतो तर बाईसाहेब पिल्लं अंगावर घेऊनच कोन घासायला लागल्यात, म्हणजे पुन्हा अंडी घालायची तयारी. संध्याकाळी मेडिकलमध्ये जाऊन येतो.