एफएफएमपेग, जिफस्की, जिफसिकल: काही महिन्यांच्या वापरानंतर

व्हिडिओच्या तुकड्याचं जिफ (हलतं चित्र) करायची ही तिन्ही टर्मिनलमध्ये कमांड लिहून चालवायची साधनं. रोज लागतं ते एफएफएमपेग. जिफस्की अधूनमधून, आणि फाइल काही केल्या मर्यादेत बसली नाही तर जिफसिकल. इमेजमॅजिक हे चित्रांवर काम करणारं साधन या कामातून बाद झालं: ते सगळ्या फ्रेम्स उलगडून मेमरीत ठेवतं आणि जरा लांब क्लिप दिली की कॅश संपल्याचा एरर देऊन थांबतं.

एफएफएमपेगला नुसती इनपुट-आउटपुटची नावं दिली तरी जिफ तयार होतं, पण आकाशात पट्टे आणि चेहऱ्यावर ठिपके येतात. जिफच्या एका फ्रेमच्या पॅलेटमध्ये (रंगसंचात) जास्तीत जास्त २५६ रंग मावतात, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर कुठल्याही व्हिडिओला एकच ठरावीक रंगसंच लागतो. त्यावर उपाय म्हणजे २०१५ साली आलेले ‘पॅलेटजेन’ आणि ‘पॅलेटयूज’ हे फिल्टर. पहिला क्लिपमधले रंग पाहून पॅलेट बनवतो, दुसरा ते लावतो. फिल्टरांची साखळी अशी (टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत आणि साध्या आकड्यांत):

एफपीएस=१२.५,स्केल=४८०:-१:फ्लॅग्ज=लँक्झॉस,स्प्लिट[ए][बी];[ए]पॅलेटजेन[पी];[बी][पी]पॅलेटयूज

पूर्ण साखळी अवतरणचिन्हांत हवी, नाहीतर लिनक्सचं शेल अर्धविरामापाशी कमांड तोडतं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर दुहेरी अवतरणच चालतं.

१२.५ हा एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम्स) आकडा विचित्र वाटतो, पण जिफमध्ये फ्रेमचा वेळ सेकंदाच्या शतांशांत मोजतात. १२.५ म्हणजे बरोबर ८ शतांश, २५ म्हणजे ४. ३० ला ३.३३ लागतात, म्हणून काही फ्रेम्स ३ आणि काही ४ शतांश थांबतात. ६० दिल्यास काही फ्रेम्सच्या वाट्याला १ शतांश येतो. ब्राउझर तो १० धरतात आणि वेगवान क्लिप उलट मंद, अडखळत चालते.

फाइल फुगण्याचं खरं कारण मात्र बहुतेकदा डिदरिंग (मोजक्या रंगांचे ठिपके मिसळून मधल्या छटा भासवणं) असतं. पॅलेटयूजची मूळ पद्धत रंगातली चूक शेजारच्या पिक्सेलवर ढकलते. चित्र सुंदर दिसतं, पण किंचित काही हललं तरी स्थिर भिंतीवरचे ठिपकेही दर फ्रेमला जागा बदलतात. जिफचं एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन पुनरावृत्तीवर जगतं; तीच नाहीशी होते. ‘डिदर=बेयर:बेयर_स्केल=३’ दिलं की ठिपक्यांची जाळी जागच्या जागी राहते आणि फाइल लक्षणीय उतरते. स्केल ५ कडे नेलं तर जाळी पुसट होते, पट्टे वाढतात. ‘डिफ_मोड=रेक्टँगल’ने फक्त बदललेल्या चौकोनावर काम होतं. स्क्रीन रेकॉर्डिंगला ‘डिदर=नन’ आणि पॅलेटजेनला ‘मॅक्स_कलर्स=६४’ पुरतं; तिथे डिदरिंग हा निव्वळ कचरा.

एक अडचण कायम राहते. पॅलेटजेनला क्लिप संपेपर्यंत पॅलेट देता येत नाही, तोवर स्प्लिटने केलेल्या दोन फाट्यांपैकी दुसऱ्यावरच्या फ्रेम्स मेमरीत साठतात. म्हणून एफपीएस आणि स्केल स्प्लिटच्या आधीच हवेत. लांब क्लिपला पॅलेट वेगळं पीएनजी म्हणून काढून दुसऱ्या फेरीत वापरलेलं बरं.

मराठी ओळी टाकायच्या असतील तर चित्रावर मजकूर लिहिणाऱ्या ‘ड्रॉटेक्स्ट’ फिल्टरच्या नादी लागू नये, जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी बसते. एसआरटी फाइल (ओळी आणि त्या दिसण्याच्या वेळा असलेली साधी मजकूर फाइल) लिहून ‘सबटायटल्स’ फिल्टर वापरा, फॉन्ट मुक्ता किंवा तसाच ठळक. तो स्केलनंतर, स्प्लिटच्या आधी. ‘-एसएस’ (तुकडा कुठून सुरू करायचा ते सांगणारा पर्याय) इनपुटच्या आधी दिल्यास वेळ शून्यापासून मोजला जातो, त्यामुळे एसआरटीतल्या वेळाही कापलेल्या तुकड्याच्या सुरुवातीपासून लिहायच्या. ही गोष्ट सुटली की ओळी दिसतच नाहीत, आणि माणूस फॉन्टला दोष देत बसतो.

जिफस्की प्रत्यक्ष चित्रीकरणासाठी. एफएफएमपेगने पीएनजी फ्रेम्स काढून त्याला द्यायच्या. प्रत्येक फ्रेमला स्वतंत्र पॅलेट आणि आधीच्या फ्रेममधले पिक्सेल तसेच ठेवण्याची सोय यांमुळे पडद्यावर २५६ हून कितीतरी जास्त रंग दिसतात. त्वचेचे आणि संध्याकाळच्या आकाशाचे रंग दुसरं कुणी इतके नीट राखत नाही. किंमत फाइलच्या आकारात मोजावी लागते. ‘क्वालिटी’ ९० वरून ७० वर आणून पाहा. विंडोजच्या बॅच फाइलमध्ये फ्रेमच्या नावातलं टक्क्याचं चिन्ह दोनदा लिहावं लागतं.

गिटहबवर (कोड ठेवायची साइट) जिफला १० एमबीची मर्यादा आहे. तेवढ्यासाठी जिफसिकलचं ‘-ओ३’ (फाइल जास्तीत जास्त आवळणं) आणि ‘लॉसी=८०’ (थोडा दर्जा सोडून आकार कमी करणं). लॉसी १.९२ आवृत्तीपासून मुळातच आहे, वेगळी शाखा शोधायला नको. १५० च्या पुढे कडांवर आडवे ओरखडे दिसतात. त्यापेक्षा आधी रुंदी कमी करावी: ६४०×३६० वर १५ फ्रेम्सने ५ सेकंद म्हणजे सुमारे १.७३ कोटी पिक्सेल, ४८०×२७० वर १२ फ्रेम्सने ७८ लाखांच्या आत.

व्हॉट्सअ‍ॅपसाठी मात्र यातलं काहीच करू नका. तिथलं ‘जिफ’ मुळात आवाज नसलेलं एमपी४ असतं; ‘-एएन’ (आवाज काढून टाकणारा पर्याय) देऊन, सम संख्येतली रुंदी-उंची आणि ‘वाययूव्ही४२०पी’ हा पिक्सेल फॉरमॅट ठेवून थेट एमपी४ पाठवा.