पायथन 3.12, आठ महिन्यांनंतर: माझी रात्र खाल्ली ती सेटअपटूल्स 59.2.0 ने

आमच्या गावच्या दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत काढतो. फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दरपत्रक, कपाती, सगळं पांडाज हे तक्ते हाताळणारं पायथन पॅकेज करतं. वर्षाला पैसे भरायचं तयार सॉफ्टवेअर संस्थेला परवडणारं नाही, म्हणून हे काम मी अंगावर घेतलंय आणि ते नीट चालावं याची मला काळजी असते. उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टमच्या 20.04 आवृत्तीचा आधार मे 2025 मध्ये संपणार होता, म्हणून संस्थेचा लॅपटॉप 24.04 वर नेला. पायथन 3.8 गेलं, 3.12 आलं. जुनं व्हेन्व्ह (प्रोग्रामची पॅकेजेस ठेवायची वेगळी जागा) 3.8 कडे बोट दाखवत होतं, ते उघडेचना. दुसऱ्या दिवशी बिल वाटायचं होतं.

नवं व्हेन्व्ह केलं आणि जुनी रिक्वायरमेंट्स फाइल, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजेसची यादी, दिली. नंपाय या आकडेमोडीच्या पॅकेजच्या 1.24.4 पाशी सगळं अडलं. पॅकेजेस बसवणाऱ्या पिपने तयार व्हील (आधीच बांधलेलं पॅकेज) न घेता सुमारे 11 एमबीचा सोर्स (मूळ कोड) उतरवला, बांधायला घेतला आणि एरर दिली: पायथनच्या 'पीकेजीयूटिल' भागामध्ये 'इम्पइम्पोर्टर' नाही. पॅकेज बांधणारं सेटअपटूल्स जुनं असेल म्हणून ते अपग्रेड केलं. तीच एरर. परत केलं, व्हेन्व्ह पुसून नवं केलं, तरी तीच. रात्रीचा दीड वाजला.

यावर मी जरा जास्त लिहितोय, कारण अनेकजण इथेच अडकतात. पॅकेज सोर्सवरून बांधताना पिप स्वतःची वेगळी तात्पुरती खोली उघडतं. तुमच्या व्हेन्व्हमधलं सेटअपटूल्स त्या खोलीत जातच नाही. तिथे काय यायचं ते पॅकेजच्या पायप्रोजेक्ट फाइलमध्ये लिहिलेलं असतं, आणि नंपाय 1.24 मध्ये लिहिलंय: सेटअपटूल्स बरोबर 59.2.0, ना कमी ना जास्त. ही आवृत्ती जो इम्पइम्पोर्टर मागते तो 3.12 मधून काढून टाकलाय. म्हणजे मी बाहेर कितीही अपग्रेड केलं तरी आत 59.2.0 च बसणार. शिवाय 1.24.4 च्या माहितीत '3.8 किंवा पुढचं' एवढीच अट आहे, वरची मर्यादा नाही. त्यामुळे पिपला ते 3.12 वर चालेल असंच वाटतं.

त्या रात्री यूव्हीने तारलं. रस्ट भाषेत लिहिलेलं, पिपचंच काम करणारं हे साधन 2024 पासून आहे, पण 'पिप असताना आणखी एक कशाला' म्हणून मी ते कधी घेतलं नव्हतं. त्याने 3.8 वेगळं उतरवलं, सिस्टमच्या पायथनला हातही लावला नाही, आणि जुनी फाइल जशीच्या तशी मिनिटाभरात बसली. सकाळी सचिव आण्णांच्या हातात बिलं होती. हे आधी का वापरलं नाही, याचं वाईट वाटलं.

पहिले दोन महिने माझं मत एकच होतं: 3.12 नको. पण 3.8 चे सुरक्षा-दुरुस्त्यांचे दिवस ऑक्टोबर 2024 मध्येच संपलेत, लोकांच्या पैशाचा हिशोब त्यावर किती दिवस ठेवायचा? म्हणून ती रिक्वायरमेंट्स फाइल नीट वाचली. 74 ओळी! पिप फ्रीझने बसवलेलं जे दिसलं ते सगळं नेमक्या आवृत्तीसकट गोठवून ठेवलं होतं. त्यातली माझ्या प्रोग्रामला थेट लागणारी नावं फक्त सहा. बाकीची त्या सहांच्या मागून आलेली, आणि मी त्यांनाही खिळे ठोकून ठेवलेले. तिथे माझं मत फिरलं. दोष 3.12 चा कमी आणि माझ्या फाइलचा जास्त होता.

सहा नावं हाताने लिहिली, आवृत्तीची सक्ती काढली. पांडाज 1.5.3 वरून थेट 2 च्या मालिकेत आलं आणि डेटाफ्रेमचं (पांडाजच्या तक्त्याचं) ओळी जोडणारं अपेंड गेलेलं. अकरा ठिकाणी त्याऐवजी कॉनकॅट घातलं, एका दुपारचं काम.

मग उलटं दुखणं. मोकळं सोडल्यावर नंपाय 2 येऊन बसलं. मापन यंत्राची फाइल वाचणारं एक जुनं लायब्ररी नंपाय 1 वर कंपाइल केलेलं, ते इम्पोर्टलाच पडलं. '2 च्या खाली' एवढी एकच अट घातली, 1.26.4 आलं. 3.12 साठी त्याचं तयार व्हील आहे, त्यामुळे बांधाबांधी नाही. आता पिपला नेहमी 'ओन्ली-बायनरी' (फक्त तयार व्हील घे) सांगतो. व्हील नसेल तर ते लगेच नाही म्हणतं, अर्धा तास घालवून नाही म्हणत नाही. नेमक्या आवृत्त्यांची यादी यूव्हीकडून बनवून वेगळ्या फाइलीत ठेवतो, सहा ओळींच्या फाइलीत ती मिसळत नाही.

3.8 आणि 3.12 वर दहा-दहा दिवसांच्या तीन पाळ्यांची बिलं शेजारी शेजारी काढून पाहिली. प्रत्येक सभासदाची रक्कम पैशापर्यंत जुळली. त्यानंतरच 3.8 पुसलं.

3.13 वर इतक्यात जाणार नाही. 1.26.4 चं 3.13 साठी व्हील नाही, आणि ते लायब्ररी नंपाय 2 वर अजून आलेलं नाही. 3.12 ला ऑक्टोबर 2028 पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळतील. तोवर त्या लायब्ररीऐवजी फाइल वाचणारा कोड मीच लिहायला घेतलाय, निम्मा झालाय.